हेल्मेट आणि दांडा यांच्यामधली चार बोटे

माणूस जितका खाली बसतो तितका तो सुरक्षित असतो. सरकारी कचेरीत नोकरी केलेल्या कोणालाही हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. उंच खुर्चीवर बसणाऱ्याची बदली होते, चौकशी होते, कधी कधी वर्तमानपत्रात फोटोही येतो. दाराशी स्टुलावर बसणारा शिपाई मात्र तीस वर्षे त्याच स्टुलावर सुखरूप असतो. मोटारींच्या शर्यतीलाही हेच तत्त्व लागू आहे, हे मला १९९६ साली कळले. त्या वर्षी मी कुंडलिका मोटार क्रीडा मंडळ, रोहा या संस्थेच्या सुरक्षा समितीचा मानद सचिव होतो. (मानद म्हणजे ज्याला चहाशिवाय काही मिळत नाही असा. चहाही दोनदा गार होता.)

मंडळाकडे एक मैदान होते, अडतीस कलमे होती आणि एक हेल्मेट होते. मैदान रोह्याच्या बाहेर, रेल्वेच्या भरावासाठी मुरूम काढून नेल्यावर उरलेले. त्यावर चुन्याच्या फक्कीने नऊशे मीटरची वाट आखायची, एका वेळी एकच गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचे, अशी ती शर्यत. कलमे मूळ इंग्रजी पुस्तिकेवरून मी स्वतः मराठीत आणली होती, त्यामुळे ती कोणालाच समजत नव्हती आणि म्हणून कोणी हरकतही घेत नव्हते. हेल्मेट सर्व स्पर्धकांना पाळीपाळीने मिळे. सगळ्यांची डोकी समान मानणारी ती जिल्ह्यातली बहुधा एकमेव संस्था असावी.

शेवटच्या पानावर मी एक वाक्य घातले होते: 'मी वरील अडतीस कलमे वाचली असून ती मला समजली आहेत व मान्य आहेत.' त्याखाली सही. ही सही स्पर्धकाने करायची, त्याच्या घरच्या एका माणसाने करायची आणि मैदानात येणाऱ्या प्रत्येक प्रेक्षकानेही करायची. इतके चोख काम पुण्यातसुद्धा होत नाही.

समितीच्या त्या वर्षी नऊ बैठका झाल्या. त्यांतल्या सहा चालकाच्या सीटवर झाल्या, दोन बिल्ल्यांच्या रंगावर आणि एक आधीच्या आठ बैठकांचे इतिवृत्त कायम करण्यासाठी. प्रेक्षकांनी कुठे उभे राहावे या विषयावर बैठक झाली नाही, कारण प्रेक्षक जिथून चांगले दिसते तिथेच उभे राहतात, असा आमचा अनुभव आहे.

आता सीटवर सहा बैठका का, असे कोणी विचारील. सांगतो. शर्यतीच्या गाडीत आतून लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवतात. गाडी उलटली तर छप्पर दबून आतला माणूस चेपू नये, हा हेतू. पण ज्याने वाचायचे तोच पाइप चालकाच्या डोक्यावरून जातो. त्याला आम्ही दांडा म्हणत असू. गाडी उलटली की दांडा थोडा वाकून आत येतो, माणूस पट्ट्यांमध्ये लोंबकळून थोडा वर सरकतो, आणि मध्ये जागा नसेल तर दोघांची भेट होते. म्हणून हेल्मेट आणि दांडा यांत अंतर पाहिजे, आणि अंतर पाहिजे तर सीट खाली पाहिजे. पण खाली म्हणजे हवी तितकी खाली नव्हे. कलम सात असे सांगते की सीट निदान चार बोल्टांनी पक्की हवी. बोल्टांना गाडीच्या तळाखालून तळहाताएवढ्या लोखंडी पट्ट्या हव्यात, नाहीतर बोल्ट पत्रा फाडून सीटसकट वर येतात. तळाचा पत्रा किंवा तळावरची आडवी उंच पट्टी कापायची नाही, कारण बाजूने धडक बसली तर तीच आधार देते. आणि इतके खाली बसल्यावरही चालकाला पुढचा रस्ता दिसला पाहिजे. थोडक्यात, खाली बसावे पण जमिनीत जाऊ नये.

अंतर किती, तर मूळ पुस्तिकेत पाच सेंटिमीटर लिहिले होते. मंडळाच्या टेपची सुरुवातीची पाच सेंटिमीटर तुटलेली होती. (टेप सहापासून सुरू होत असे.) नवा टेप आणावा अशी सूचना आली, पण ती लेखी नसल्याने तिचा विचार करता आला नाही. तेव्हा अंतर बोटांनी मोजावे असे ठरले. चार बोटे, आडवी, अंगठा सोडून. कोणाची बोटे हा प्रश्न पुढच्या बैठकीत आला. अध्यक्ष दत्तात्रेय यांच्या बोटांत तीन खड्यांच्या अंगठ्या असल्याने ती एकमेकांना चिकटत नव्हती. माझी बोटे कारकुनाची, म्हणजे नुसती नावाला. अखेर आमचे तपासनीस महिपती यांची बोटे एकमताने मंजूर झाली. महिपती एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. चौतीस वर्षे पाने फिरवून त्यांची चार बोटे सव्वातीन इंच रुंद झाली होती. म्हणजे पुस्तिकेला जेवढे अंतर पुरले असते, त्याच्या दीडपटीहून जास्त आम्ही मागत होतो. सुरक्षेच्या बाबतीत रोहा कोणाला हार जात नाही.

या चार बोटांत जो अडकला त्याचे नाव हरेश. राहणारा पेणजवळच्या जिते गावचा, गॅरेज पेणला, वय सव्वीस, उंची सहा फूट दीड इंच. बाप मिठागरावर राबून गेलेला, घरी आई काशीबाई आणि बायको दिपिका. अपघातात चेपलेली एक मारुती आणून ती हरेशने तीन वर्षे खपून सरळ केली होती. पिंजरा त्याने स्वतः वेल्डिंग केला होता, आणि महिपतींनी त्यावर हातोडी मारून पाहिली तेव्हा फक्त "हं" म्हटले. महिपतींच्या तोंडून "हं" म्हणजे इतरांच्या तोंडून सत्कार.

पण हरेश आत बसला आणि घोळ झाला. कंपनीने दिलेल्या सीटवर हेल्मेट घालून तो बसला की त्याची मान डावीकडे कलत असे. दांड्याखाली सरळ बसायला त्याला जागाच नव्हती. महिपतींनी बोटे घालायचा प्रयत्न केला आणि तपासणीच्या वहीत नोंद केली: 'उणे एक.'

मंडळाच्या इतिहासात डोके दांड्याच्या पलीकडे असलेला हा पहिलाच स्पर्धक. दिपिकाने त्याला शर्यतीची परवानगी एकाच अटीवर दिली होती: समितीने डोक्यावरची जागा मोजून बरी म्हटली तरच. त्यामुळे तो आमच्याकडे ज्या नजरेने बघत असे त्या नजरेने मला माझ्या घरीही कोणी कधी बघितले नाही. मला त्याची दया आली. पण दयेला कलम नव्हते.

हरेश कामाला लागला. सीटवरचा फोम काढला: एक बोट मिळाले, हिशेब शून्यावर आला. सीट पुढेमागे सरकवायचे रूळ काढून ती थेट तळाला जोडली: आणखी दीड बोट. पाठ मागे कलती केली तर डोके खाली जाई, पण हात स्टिअरिंगपर्यंत पोचत नसत. मग त्याने डोक्याचे केस काढले. यातून मिळालेली जागा: शून्य बोटे. यातून झालेली अडचण अशी, की आमच्याकडे घरात कोणी गेल्याशिवाय धडधाकट पोरगा डोके भादरत नाही. दोन दिवसांत अकरा माणसे जित्याला भेटीला आली आणि काशीबाई समोर धडधाकट दिसल्यावर त्यांना काय बोलावे ते सुचेना. एकजण तर आलोच आहोत म्हणून थोडा वेळ गप्प बसून गेला.

"पोर माझा उंच हाय, त्याला मी काय करू?" काशीबाई महिपतींना म्हणाल्या. "बापासारखा झायलाय. बाप मेला तो पन दाराच्या चौकटीला टकुरा आपटून आपटून."

(चौकशीअंती हे खरे नव्हते. बाप काविळीने गेला होता. पण चौकटीचा भाग खरा होता.)

दीड बोट झाले होते, आणखी अडीच हवे होते. तयार फायबरची शर्यतीची सीट मुंबईत मिळे, पण ती परदेशी माणसाच्या बैठकीची असे आणि मारुतीच्या तळावरच्या आडव्या पट्टीवर चढून बसे. तेव्हा हरेशने पेणकराने जे करावे तेच केले. तो कमळाकरांच्या गणपतीच्या कारखान्यात गेला.

कमळाकर म्हणजे पेणमधले नाणावलेले मूर्तिकार. बसलेल्या देहाविषयी त्यांना जितके कळते तितके कोणत्याही मोटार कंपनीला कळत नसावे. त्यांच्या तीन पिढ्यांनी बसलेल्या माणसाचे नाही, पण बसलेल्या देवाचे वजन कुठे पडते, मांडी कुठे टेकते, पाठ कुठे वळते हेच बघितले होते. शिवाय त्यांनी एका गणेशोत्सव मंडळासाठी फायबरचा उंदीर केला होता. तो चार वर्षे ट्रकमधून चढवला-उतरवला गेला आणि त्याची शेपटीसुद्धा मोडली नाही. (फायबरच्या मजबुतीचा पुरावा म्हणून समितीने हा उंदीर ग्राह्य धरला.)

कमळाकरांनी हरेशला हेल्मेटसकट ओल्या शाडूत बसवले. वीस मिनिटे हलू दिले नाही. मग त्या ठशावरून प्लास्टरचा साचा घेतला. खाली मारुतीच्या तळावरही शाडू थापून आडव्या पट्टीच्या मागच्या खळग्याचा ठसा काढला. म्हणजे वरची बाजू हरेशसारखी, खालची बाजू मारुतीसारखी आणि मध्ये बोटाएवढे फायबर. तळ न कापता, पट्टीला न दुखवता, माणूस पट्टीच्या मागे खळग्यात बसणार. दोन्ही बाजूंना लोखंडी अँगल, अँगल तळाला बोल्टने, सीट अँगलला बोल्टने. हिशेबाप्रमाणे बरोबर अडीच बोटे मिळत होती. एकूण चार. मी त्या संध्याकाळी घरी गेलो आणि बायकोला म्हणालो, हा देश सुधारतोय.

शनिवारी सीट आली. पांढरीशुभ्र, पाठीमागे नक्षी. शर्यत रविवारी. पेणच्या गॅरेजात ती गाडीत बसवली, हरेश आत बसला, पट्टे आवळले, हेल्मेट घातले आणि महिपतींनी हात घातला.

"एक," ते म्हणाले.

तीन बोटे गेली कुठे? महिपती गाडीखाली गेले, बाहेर आले आणि त्यांनी कमळाकरांकडे बघितले.

"ह्याच्या बुडाला हे काय आहे?"

"पाट," कमळाकर म्हणाले.

तीन बोटे जाडीचा, सीटच्याच फायबरमध्ये ओतलेला, कडेला बारीक वेलबुट्टी असलेला पाट. खालून खळग्याच्या आकाराचा, वरून बैठकीच्या आकाराचा, काम म्हणून अप्रतिम.

"मी तुम्हाला माप दिलेलं, कमळाकरकाका," हरेश कसाबसा म्हणाला. "तळापासून एक बोट वर."

"मग एक बोटच आहे. पाटापासून. उंची सांगताना पाट धरत नाय कोणी. दीड फुटाचा गणपती म्हणजे दीड फूट अधिक पाट. सगळ्या पेणला विचार."

"पण काका, ही गाडीची सीट हाय."

"बैठक आहे. आणि बैठक उघड्या जमिनीला टेकवायची नाय. माझ्या बापाने टेकवली नाय, आज्याने टेकवली नाय."

पाट कापून टाका, असे महिपतींनी सुचवताच कमळाकरांचा चेहरा बदलला. भंगलेली वस्तू माझ्या कारखान्यातून गिऱ्हाइकाकडे जात नाही, करवत लावायची तर आधी माझ्या हाताला लावा, असे ते म्हणाले. हे त्यांनी आवाज न चढवता म्हटले, म्हणून करवतीचा विषय तिथेच मिटला. हरेश गाडीत तसाच बसून होता. तीन वर्षांची मेहनत त्याच्या डोक्यापाशी एका बोटावर येऊन थांबली होती.

अशा प्रसंगी समितीची गरज असते. अध्यक्ष दत्तात्रेय यांनी गॅरेजातच तातडीची बैठक बोलावली. सीट बदलायला वेळ नाही. कापता येत नाही. दांडा वर करता येत नाही, कारण पिंजऱ्याला आधीच सील लागले आहे. म्हणजे वस्तू एकही हलवता येत नव्हती. हलवता येण्यासारखा फक्त नियम होता, आणि तोही हलवायची गरज पडली नाही. दत्तात्रेय यांनी विचारले, कलम सातमध्ये पाटाचा उल्लेख आहे काय? मी अडतीसही कलमे चाळली. नव्हता. मग जे कलमात नाही ते मोजायचे कसे? पेणच्या रूढीप्रमाणे पाट धरत नाहीत, वस्तू पेणची आहे, तेव्हा मोजमाप पेणच्या रूढीप्रमाणे व्हावे. ठराव असा झाला: 'पाटाची जाडी वगळता हेल्मेट व दांडा यांतील अंतर चार बोटे भरते. सीट नियमानुसार खाली आहे.'

मी दाखला लिहिला. 'पाहणी समक्ष केली' या रकान्यात माझी सही आहे. (त्या रकान्यात मी शुक्रवारीच सह्या करून ठेवल्या होत्या, आयत्या वेळी धावपळ नको म्हणून.) दत्तात्रेय यांनी अध्यक्ष म्हणून सही केली. महिपतींनी बराच वेळ पेन हातात धरले आणि मग सही केली. हरेशला दाखला मिळाला तेव्हा तो इतका खूश झाला की गाडीतून उतरताना त्याचे डोके दांड्याला लागले.

रविवार, २४ मार्च. मैदानावर मांडव, लाउडस्पीकर, उसाच्या रसाचे दोन गाडे आणि चारशे तेरा माणसे. हा आकडा नेमका आहे, कारण फाटकावर मी बसलो होतो. चारशे बारा जणांनी 'वाचली, समजली, मान्य' याखाली सही केली. त्यासाठी प्रत्येकी सरासरी चार सेकंद लागले. सतरा जणांनी चालता चालता केली. एकाने माझ्या नावाच्या खाली माझेच नाव लिहिले.

चारशे तेरावी दिपिका. सकाळच्या गाडीने ती आणि काशीबाई जित्याहून रोह्याला उतरल्या होत्या. घरच्या माणसाची सही म्हणून मी तिच्यापुढे कागद सरकवला. ती वाचायला लागली. तिने पेणच्या कॉलेजात बारावी केली होती (घोळ इथेच होता). मागे रांग वाढत होती. ती पहिल्या कलमापासून वाचत होती, बोट ठेवून. सातव्या कलमाशी थांबली, दाखला मागितला, तोही वाचला. मग सही न करता कागद हातात घेऊन गाडीकडे गेली. हरेश पट्टे बांधून आत बसला होता. तिने हेल्मेट आणि दांडा यांमध्ये आपला हात घातला. तिची बोटे बारीक, तरी दुसऱ्या बोटाला अडकली.

"दादा," ती मला म्हणाली, "तुमच्या कागदावर चार हायत. माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर एक हाय. मी सही कंची करू?"

"पाट वगळून," मी खुलासा केला.

"गाडी उलटली तर पाट वगळून उलटेल का?"

हा प्रश्न कार्यकक्षेबाहेरचा होता, असे मी तिला सांगितले. हरेश आतून म्हणत होता, "जाऊ दे गो, दाखला दिलाय त्यांनी." ती म्हणाली, "दाखला बसव मग डोक्यावर." मला राग आला. सहा बैठका घेऊन जे काम उभे केले ते एक मुलगी एका हाताने मोजून मोडीत काढत होती. आज विचार करतो तेव्हा वाटते, राग तिच्यावर नव्हता. पण त्या दिवशी तिच्यावरच होता.

कमळाकर आपली बैठक बघायला आले होते आणि पुन्हा करवतीचा विषय निघणार हे ओळखून गाडीच्या दाराशी उभे राहिले. तेव्हा काशीबाई पुढे आल्या. त्यांनी आधी कमळाकरांना नमस्कार केला.

"तात्या, पाट घातला ते बेस केला. रीत हाय. पन मना सांगा, आपन गनपती पान्यात सोरतो, तवा तो भंगतो का नाय?"

"भंगतो."

"मंग पाप नाय लागत?"

"उत्तरपूजा झालेली असते, काशीबाई. देव हललेला असतो."

"मंग ही मी हलवते," काशीबाई म्हणाल्या.

मांडवात नारळ फोडायला आणलेले हळदकुंकू आणि तांदूळ होतेच. काशीबाईंनी हरेशला उतरायला लावले, सीटला हळदकुंकू वाहिले, अक्षता टाकल्या, दोन्ही हातांनी सीट धरून जेवढी हलेल तेवढी हलवली (बोल्ट चांगले आवळलेले असल्याने ती केसभर हलली, महिपतींनी पाहिले आणि "हं" म्हणाले) आणि म्हणाल्या, "जा बाबा आता. परत ये." हात जोडले. लाउडस्पीकरवाल्याने काय चाललेय ते न कळून गाणे बंद केले. चारशे माणसांपैकी निम्म्यांनी तरी सवयीने हात जोडले. मीही जोडले.

कमळाकरांनी हात पुढे केला आणि महिपतींकडचा हॅक्सॉ स्वतः घेतला. सीट उतरवून त्यांनी पाट कापला तो सरळ रेषेत, एक कपचीसुद्धा न उडवता. त्यांचे डोळे भरले होते आणि ते तसे म्हणालेही, "फायबरची धूळ नाय ही." हरेशने अँगलला खाली नवी भोके पाडून सीट चार बोल्टांवर परत आवळली.

आता साहजिकच समितीला हस्तक्षेप करावा लागला. कलम एकोणीस: दाखला दिल्यानंतर सीटमध्ये कोणताही बदल केल्यास स्पर्धक बाद. दत्तात्रेय यांनी आणखी एक मुद्दा काढला, तो मला आजही बिनतोड वाटतो. दाखल्यानुसार सीट पाट वगळून आधीच योग्य खाली होती. आता ती त्याहूनही तीन बोटे खाली गेली. म्हणजे कागदोपत्री हरेश गाडीच्या तळाच्या खाली बसला आहे. तळ कापल्याशिवाय हे शक्य नाही, आणि तळ कापायला बंदी आहे. हरेश दोन कलमांखाली बाद.

हरेश मटकन चाकाशी बसला. दिपिका मात्र दाखला परत वाचत होती.

"जो पाट तुम्ही धरलाच नाय," ती म्हणाली, "तो आम्ही कापला कुठं?"

मी कलमे चाळली. दत्तात्रेय यांनी कलमे चाळली. न धरलेला पाट कापला म्हणणे म्हणजे तो धरला होता असे कबूल करणे, आणि तसे कबूल केले तर कालचा दाखला खोटा. दाखल्यावर आमच्या तिघांच्या सह्या होत्या. समितीने एकमताने निर्णय दिला की काहीही कापले गेलेले नाही. कापलेला पाट त्या वेळी अध्यक्षांच्या पायाशी होता.

महिपती गाडीपाशी गेले. हरेश आत, पट्टे, हेल्मेट. त्यांनी हात घातला. एक, दोन, तीन, चार. बोटे इतकी घट्ट बसली की काढताना करंगळीचे कातडे सोलले. त्यांनी दिपिकाकडे बघून मान हलवली. तिने कागदावर सही तरीही केली नाही. अडतिसावे कलम (काही झाल्यास मंडळ जबाबदार नाही) तिला पटले नव्हते.

हरेशची पाळी पाचवी होती. सुटला तो छान सुटला. तिसऱ्या वळणावर, जिथून चांगले दिसते म्हणून सत्तर माणसे उभी होती, तिथे त्याने त्यांना चुकवायला चाक आत घेतले, डावे चाक मुरमाच्या ढिगावर चढले आणि मारुती अलगद वर जाऊन छपरावर पडली. घसरत गेली. शेवटच्या रेषेच्या कितीतरी अलीकडे थांबली. चाके फिरत होती.

मला भीती वाटली. हे मी इथे लिहितो; अहवालात लिहिलेले नाही. माझी सही मला दिसायला लागली, शुक्रवारी चहा पिता पिता केलेली.

सगळ्यांत आधी महिपती पोचले, बासष्टाव्या वर्षी, चप्पल मागे टाकून. हरेश पट्ट्यांमध्ये उलटा लोंबकळत होता आणि "मी बरा हाय, मी बरा हाय" असे दिपिकाला ओरडून सांगत होता. छप्पर दबले होते, दांडा वाकून आत आला होता. महिपती जमिनीवर पालथे झाले आणि त्यांनी त्याला सोडवायच्या आधी हेल्मेट आणि दांडा यांच्यामध्ये हात घातला. मी समजलो, जन्माची सवय.

"एक," ते म्हणाले, आणि रडायला लागले.

चारातून दांड्याने तीन घेतली होती. सकाळसारखा पाटावरच बसला असता तर एकातून तीन गेली असती. उणे दोन. उणे दोन बोटे म्हणजे हेल्मेटच्या आत. गणित सोपे होते, आणि ते मैदानावर बहुधा आम्ही तिघांनीच मनात केले, कारण आम्ही तिघांनी बराच वेळ एकमेकांकडे बघितले नाही. कमळाकरांनी कापलेला पाट उचलला आणि काखेत घालून ते पेणच्या एसटीला गेले. काशीबाईंनी मुलाच्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला आणि त्याला एक थोबाडीत दिली.

अहवाल मी आठवडाभरात पूर्ण केला. त्यात म्हटले आहे: 'समितीने घालून दिलेल्या चार बोटांच्या नियमाच्या काटेकोर अंमलबजावणीमुळे स्पर्धकाचे प्राण वाचले.' पाट, उत्तरपूजा व दिपिका यांचा उल्लेख जागेअभावी नाही. तिचा कागद सहीविना राहिल्याने लेखापरीक्षणात त्रुटी निघू नये म्हणून पुढल्या वर्षीच्या अर्जात सुधारणा केली: 'वरील सर्व वाचले आहे, हे वाक्यही मी वाचले आहे.' त्या वर्षी चारशे ऐंशी सह्या झाल्या. एकही रकाना रिकामा राहिला नाही. ती आली नव्हती.

त्या रविवारी समिती घरी परतली ती दत्तात्रेय यांच्या स्कूटरवरून, तिघेही. मी मध्ये होतो. मंडळाच्या हेल्मेटला आणखी ओरखडे पडू नयेत म्हणून ते मी मांडीवर घेतले होते.

आपण इथवर हसत आला असाल, तर आम्हाला आनंद आहे. रोह्या-पेणची माणसे, बोटांनी मोजणार, पाट सोडून देणार. आता एक करा. घरात कुठेतरी एक फाइल असेल. गॅसच्या जोडणीची, विम्याची, सोसायटीच्या लिफ्टची, मुलाच्या शाळेच्या सहलीची, आईच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दवाखान्यात भरून दिलेली. शेवटचे पान काढा. 'वाचले, समजले, मान्य आहे' असे छापलेले असेल आणि त्याच्याखाली एक सही असेल. अक्षर ओळखीचे वाटेल.